मिनिटाला किती गोळ्या?

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी यंदा विषय विचारला तेव्हा आम्ही "शीघ्रगती बंदुकांचा इतिहास" असे सांगितले. ते क्षणभर थांबले व म्हणाले, "तुमच्याकडून मजुरीवर, संपावर काही ऐकायला मिळेल अशी आमची कल्पना होती. तुमचा आणि बंदुकांचा काय संबंध?" प्रश्न रास्त होता. आम्ही लष्करात कधी नव्हतो. शाळा नववीतच सुटली. पुढे जे काही वाचले ते पाळी संपल्यावर नगर वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. परंतु बंदूक हे अखेर एक यंत्र आहे, आणि यंत्राचा वेग हा आमच्या आयुष्यभराच्या भांडणाचा विषय आहे.

आमचे गाव यंत्रमागांचे. तेथील एका कारखान्यात काही वर्षांपूर्वी परदेशी बनावटीचे माग आले. प्रत्येक मागावर एक पाटी, आणि पाटीवर मिनिटाला किती पिक पडतात तो आकडा. मालकाने त्या आकड्यावरून मजुरीचा दर बांधला. महिनाअखेर कापड मोजले तेव्हा पाटीच्या हिशेबाच्या दोनतृतीयांशही उतरले नव्हते. मालक म्हणाला, कामगार आळशी आहेत. आम्ही आठ दिवस वही घेऊन मागांजवळ उभे राहिलो. ताण्याचा धागा तुटला, माग उभा. बीम बदलायचे, माग उभा. सूत हलके आले, माग उभा. वीज गेली, माग उभा. चालू असताना माग पाटीप्रमाणेच चालत होता, ह्यात खोटे काही नव्हते. पण तो चालू किती वेळ होता? वही पुढे ठेवली तेव्हा दर बदलला.

तेव्हापासून आम्ही कोणत्याही वेगवान यंत्राला तीन प्रश्न विचारतो. हा वेग किती वेळ टिकतो? यंत्राला पुरवठा कोण करतो? आणि हा वेग कोणासाठी, कोणाविरुद्ध वापरला जातो? मिनिटाला अमुक गोळ्या झाडणारी बंदूक म्हणून जी जी बंदूक इतिहासात पुढे आली, तिला हेच तीन प्रश्न विचारावेत, इतकाच आजचा हेतू आहे.

प्रारंभ लंडनपासून करू. जेम्स पकल नावाच्या वकिलाने १७१८ साली एका बंदुकीचे पेटंट घेतले. तिपाईवर बसवलेली एक नळी आणि तिच्या मागे हाताने फिरवायची, अनेक बार भरलेली चकती, अशी तिची रचना होती. ख्रिस्ती शत्रूंवर गोल गोळ्या आणि तुर्कांवर चौकोनी गोळ्या झाडण्याची सोय पेटंटातच नमूद होती; म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ह्या गृहस्थाने स्वतःच लिहून दिले होते. १७२२ साली भर पावसात सात मिनिटांत ६३ बार काढून दाखवण्यात आले. त्या काळचा साधा शिपाई मिनिटाला दोनतीन बार काढीत असे. तेव्हा हा वेग कौतुकाचा होता. तरीही सरकारने बंदूक घेतली नाही. गारगोटीच्या ठिणगीवर चालणारी ती नाजूक रचना बनवायला अवघड आणि चालवायला भरवशाची नव्हती. ह्या बंदुकीने जखमी झाले ते तिच्या कंपनीचे भागीदारच, अशी थट्टा त्या काळी झाली.

पुढे १७७७ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात जोसेफ बेल्टन याने एकाच नळीत एकामागे एक अनेक बार भरून ते ओळीने उडवण्याची युक्ती तेथील काँग्रेसपुढे मांडली. काँग्रेसने शंभर बंदुकांची मागणीही नोंदवली. मग बेल्टनने सांगितलेली किंमत ऐकून ती रद्द केली. एका नळीत अनेक बार ही कल्पना ध्यानात ठेवावी. सव्वादोनशे वर्षांनी ती पुन्हा आपल्या भेटीस येणार आहे.

आता ज्याचे नाव सर्वांनी ऐकले आहे त्या गॅटलिंगकडे वळू. रिचर्ड जॉर्डन गॅटलिंग हा मूळचा शेतकऱ्याचा मुलगा. बी पेरण्याची यंत्रे त्याने शोधली, वैद्यकीही शिकला. अमेरिकेचे यादवी युद्ध सुरू झाले तेव्हा तो इंडियानापोलिस शहरी होता. रोज सैनिकांच्या तुकड्या निघताना आणि जखमी, आजारी, मृत परतताना तो पाहत असे. लढाईपेक्षा रोगाने अधिक माणसे मरतात हे त्याच्या लक्षात आले. १८७७ साली एका पत्रात त्याने आपला विचार सांगितला आहे : एका माणसाकडून शंभरांचे काम होईल असे यंत्र केले, तर मोठ्या फौजांची गरजच उरणार नाही आणि पुष्कळ माणसे वाचतील. त्याच्या हेतूविषयी आम्ही शंका घेत नाही. परंतु यंत्र आले की माणसाचे कष्ट कमी होतील, हे आश्वासन आम्ही खात्याच्या दारात अनेकदा ऐकले आहे. यंत्र येते, आणि शंभरांचे काम एकाकडून घेण्याऐवजी शंभरांच्या हाती शंभर यंत्रे दिली जातात. फौजांचेही तसेच झाले.

४ नोव्हेंबर १८६२ रोजी त्याने पेटंट घेतले. सहा नळ्यांचा जुडगा, मागे एक दांडा. दांडा फिरवला की नळ्या फिरतात आणि प्रत्येक नळी आपल्या पाळीने भरली जाते, उडते, रिकामी होते. वेग मिनिटाला सुमारे दोनशे. त्या युद्धात मात्र तिचा वापर नाममात्र झाला. लष्करी खात्यास नवीन यंत्रांचे वावडे होते हे एक कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे म्हणजे काडतूस. आरंभीची व्यवस्था गळकी होती व अडकत असे. एकसंध धातूचे काडतूस आले तेव्हाच ती बंदूक खऱ्या अर्थाने चालू लागली, आणि १८६६ मध्ये अमेरिकी लष्कराने ती स्वीकारली. गौरव दांड्याचा आणि नळ्यांचा झाला; काम केले ते बोटभर धातूच्या पुंगळीने. आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, आणि भुसावळजवळच्या वरणगावी लहान शस्त्रांच्या गोळ्यांचा कारखाना १९६४ पासून आहे. तेथील कामगाराला विचारा. बंदूक कितीही नामी असो, पुंगळीची जाडी केसभर चुकली की सारे थांबते, हे तो सांगेल.

बंदूक मिळाली तरी तिचे करायचे काय, हे सेनापतींना उमगले नव्हते. ती तोफेसारखी गाड्यावर बसवलेली, म्हणून ती तोफच असा समज झाला. १८७६ मध्ये कस्टर हा अमेरिकी अधिकारी आदिवासी लोकांवर चालून गेला तेव्हा गॅटलिंग बंदुका त्याला देऊ केल्या होत्या. गाडे वाटेत अडतील, चाल मंदावेल, म्हणून त्याने त्या नाकारल्या. लिटल बिगहॉर्नच्या लढाईत त्याच्यासह पाच तुकड्या नष्ट झाल्या. बंदुकांनी तो वाचला असता असे आम्ही म्हणत नाही. बहुधा त्या डोंगराळ वाटेत त्या पोचल्याच नसत्या. बावीस वर्षांनी, १ जुलै १८९८ रोजी, क्यूबात पार्कर नावाच्या एका कनिष्ठ अधिकाऱ्याने ह्याच बंदुका पायदळाबरोबर पुढे नेल्या. सुमारे साडेआठ मिनिटे त्यांनी सान हुआन टेकडीवरच्या खंदकांवर मारा केला, आणि तेवढ्या वेळात पायदळ चढून गेले. बंदूक तीच, तिचे काम काय हे एका माणसाला कळले एवढाच फरक.

गॅटलिंगने १८९३ मध्ये आपल्या बंदुकीला विजेची मोटार जोडली. वेग मिनिटाला तीन हजारांपर्यंत गेला. तो कोणालाच नको होता. एवढ्या गोळ्या झाडायच्या कशावर, आणि वाहून आणायच्या कशा? ती मोटार बाजूला पडली. तिचीही पुढे गाठ पडेल.

दरम्यान फ्रान्सने एक धडा महागात घेतला होता. सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या काळात रेफी या अधिकाऱ्याने पंचवीस नळ्यांची मित्रायोझ नावाची बंदूक तयार केली. पंचवीस काडतुसांची एक पट्टी मागे बसवायची, दांडा फिरवायचा, पट्टी काढून दुसरी घालायची. मिनिटाला शंभरच्या आसपास गोळ्या. हे काम इतके गुप्त ठेवले की ज्या गोलंदाजांनी ती चालवायची त्यांनाही पुरेसे शिक्षण मिळाले नाही. १८७० मध्ये प्रशियाशी युद्ध जुंपले तेव्हा ती दूर अंतरावर तोफेच्या जागी मांडली गेली. प्रशियाच्या पोलादी तोफांचा पल्ला तिच्याहून मोठा होता, आणि त्यांनी तिला सहज टिपले. ग्राव्हलॉटच्या लढाईत जेथे ती जवळून, पायदळावर वापरली गेली तेथे तिने काम केले. ज्याच्या हाती यंत्र द्यायचे त्याच्यापासूनच ते लपवून ठेवले तर काय होते, हे फ्रेंचांना एका युद्धात कळले. आमच्याकडच्या काही व्यवस्थापनांना अजून कळायचे आहे.

आतापर्यंतच्या सर्व बंदुकांत एक समान गोष्ट होती : दांडा फिरवणारा हात. हात थकला की बंदूक मंदावे. १८८४ साली हायरम मॅक्सिम याने तो हात काढून टाकला. हा अमेरिकेत जन्मलेला यंत्रज्ञ, कर्मशाळा लंडनमध्ये. बंदूक उडाली की मागे धक्का बसतो. आजवर तो शिपायाच्या खांद्याला बसत होता. मॅक्सिमने त्या धक्क्यालाच कामाला लावले. त्याच जोराने बंदुकीचे कुलूप मागे सरते, रिकामी पुंगळी बाहेर पडते, पट्ट्यातले पुढचे काडतूस आत येते. चाप दाबून धरला की झाले. नळी तापू नये म्हणून भोवती पाण्याचे नळकांडे. वेग मिनिटाला सहाशे. उत्तम कारागिरी आहे, हे मान्यच केले पाहिजे.

पण तिचा पहिला मोठा उपयोग कोठे झाला? युरोपातील दोन फौजांमध्ये नव्हे. १८९३ मध्ये आजच्या झिंबाब्वेच्या भूमीवर एका ब्रिटिश कंपनीच्या काही शे लोकांनी न्देबेले लढवय्यांच्या हजारोंच्या दळावर ती चालवली. २ सप्टेंबर १८९८ रोजी सुदानातील ओमदुरमान येथे किचनेरच्या तोफा, रायफली आणि मॅक्सिम यांच्यापुढे एका सकाळी सुमारे दहा हजार माणसे मेली. किचनेरच्या बाजूला मृतांची संख्या पन्नासच्याही आत होती. ह्याला लढाई म्हणण्याची रीत आहे.

तिसरी जागा आपल्या अगदी जवळची. ३१ मार्च १९०४ रोजी यंगहजबंडची मोहीम तिबेटात गुरू नावाच्या गावाजवळ पोचली. तिच्यात शीख आणि गुरखा शिपाई होते, म्हणजे आपलीच माणसे. समोर तोड्याच्या बंदुका आणि तलवारी घेतलेले तिबेटी. चकमक सुरू झाली आणि थोड्याच वेळात सहाशेहून अधिक तिबेटी मेले. पळतही नव्हते, पाठ फिरवून चालत निघाले होते. मॅक्सिमच्या तुकडीवर असलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने पुढे लिहून ठेवले आहे की ह्या कत्तलीचा त्याला वीट आला आणि वरून हुकूम असतानाही त्याने आपला मारा थांबवला. दांडा फिरवणारा हात मॅक्सिमने काढला होता. परंतु चापावरचा अंगठा अजून माणसाचा होता, आणि त्या माणसाला वीट येऊ शकत होता. ही गोष्ट आम्ही पुढे पुन्हा काढणार आहोत.

परक्या देशातल्या माणसांवर चालणारे यंत्र घरच्या माणसांवर चालायला वेळ लागत नाही. अमेरिकेतील कोलोराडो संस्थानात १९१३ च्या सप्टेंबरात कोळसा खाणींतील कामगारांनी संप केला. कंपन्यांनी त्यांना घरांबाहेर काढले. त्यांनी बायकामुलांसह तंबू ठोकले. मालकांच्या भाडोत्री रक्षकांनी एका मोटारीला पोलादी पत्रा ठोकला, वर मशीनगन बसवली, आणि तिला मृत्यूची गाडी असे नाव पडले. २० एप्रिल १९१४ रोजी लडलो येथील तंबूंच्या वसाहतीवर संस्थानच्या शिपायांनी मशीनगन चालवली, आणि मग तंबू पेटले. एका तंबूखाली खणलेल्या खड्ड्यात गोळ्यांपासून लपलेल्या दोन बायका आणि अकरा मुले गुदमरून मेली. मशीनगनचा लष्करी उपयोग काय, ह्याचे उत्तर त्या वर्षी युरोपच्या आधी खाणकामगारांना मिळाले.

आणि अमृतसर. १३ एप्रिल १९१९ रोजी डायर जालियनवाला बागेकडे निघाला तेव्हा त्याच्याबरोबर मशीनगन बसवलेल्या दोन चिलखती मोटारी होत्या. बागेत शिरण्याचा बोळ अरुंद. मोटारी आत जाईनात. त्या बाहेर ठेवून पन्नास बंदूकधारी शिपाई आत नेले. सुमारे दहा मिनिटांत १,६५० गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा ३७९ मृतांचा. लोकांनी मोजलेला ह्याहून पुष्कळ मोठा. हंटर समितीपुढे मुंबईचे वकील चिमणलाल सेटलवाड यांनी डायरला विचारले की मोटारी आत जाऊ शकल्या असत्या तर मशीनगन चालवल्या असत्या काय. बहुधा होय, असे उत्तर त्याने दिले. आमच्या सवयीप्रमाणे हिशेब करून पाहू. मिनिटाला पाचशेच्या वेगाने एक मशीनगन त्या १,६५० गोळ्या साडेतीन मिनिटांच्या आत संपवते. दोन असत्या तर दोन मिनिटेही लागली नसती. उरलेल्या आठ मिनिटांचे काय झाले असते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. वेग आणि माणसे यांच्यामध्ये त्या दिवशी अमृतसरचा एक अरुंद बोळ तेवढा उभा होता.

१९१४ च्या महायुद्धात मशीनगन दोन्ही बाजूंना आली, आणि तेव्हा युरोपीय सेनापतींना ती काय आहे हे समजले. युद्धारंभी ब्रिटिश पलटणीस दोन मशीनगन असत. पुढे वाढल्या, १९१५ च्या ऑक्टोबरात तर त्यांचे स्वतंत्र दल झाले. १ जुलै १९१६ रोजी सोमच्या रणांगणावर एका दिवसात ब्रिटिशांचे १९,२४० सैनिक मेले. आठवडाभर तोफांचा मारा केला म्हणजे समोर कोणी उरणार नाही, हा वरच्यांचा हिशेब होता. खोल खंदकांतून जर्मन तुकड्या वर आल्या आणि त्यांनी आपल्या मशीनगन मांडल्या.

येथे पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नीट मिळतात. ब्रिटिशांच्या विकर्स बंदुकीचा वेग मिनिटाला सुमारे पाचशे, आणि काडतुसांचा कापडी पट्टा अडीचशेचा. म्हणजे पट्टा अर्ध्या मिनिटाचा. भोवतालच्या नळकांड्यात सुमारे चार लिटर पाणी. ते उकळू लागते, वाफ होते, भरावे लागते. दहा हजारांच्या सुमारास गोळ्या झाल्या की नळी बदलायची. एका बंदुकीमागे सहा माणसे : एक चालवणारा, एक पट्टा देणारा, बाकीचे पाणी आणि काडतुसे वाहणारे. जाणता गोलंदाज चाप दाबून धरीत नसे. थोड्या थोड्या गोळ्या झाडून थांबे. ती बंदूक तासन्‌तास काम देई ती ह्या सहा जणांच्या शिस्तीमुळे. यंत्राला माणसे कमी लागतील म्हणणारा गॅटलिंग तोवर वारला होता.

मग अधिक वेगाला काही अर्थ आहे की नाही? आहे, पण एका ठरावीक ठिकाणी. १९३० नंतरच्या दशकात विमानांचा वेग इतका वाढला की शत्रूचे विमान निशाण्यात येई ते केवळ दोन सेकंद. ब्रिटिश हवाई दलातील राल्फ सॉर्ली याने प्रश्न उलटा मांडला : दोन सेकंदांत विमान पाडायचे तर किती गोळ्या लागतील? हिशेबाअंती उत्तर आले, पूर्वीप्रमाणे दोन-चार बंदुका पुरणार नाहीत, आठ हव्यात. हवाई खात्यातील कॅप्टन फ्रेड हिल यांनीही ही गणिते केली, आणि त्यांना घरी मदत केली ती त्यांच्या तेरा वर्षांच्या हेझेल नावाच्या मुलीने. स्पिटफायर आणि हरिकेन विमानांत आठ बंदुका बसल्या. प्रत्येकीचा वेग मिनिटाला सुमारे ११५०. प्रत्येकीस काडतुसे सुमारे तीनशे. भागाकार केला तर एकूण सुमारे पंधरा सेकंदांचा मारा. १९४० च्या हवाई युद्धात ह्याच पंधरा सेकंदांवर तरुण वैमानिक लढले. येथे वेग आधी आणि काम मागून असे झाले नाही. आधी काम ठरले, मग त्यास लागेल तेवढा वेग घेतला.

युद्धानंतर जेट विमाने आली आणि दोन सेकंदही उरेनात. १९४६ मध्ये अमेरिकेत नव्या बंदुकीचा शोध सुरू झाला. तेव्हा त्यांनी काय केले? जुनी गॅटलिंग बंदूक काढली आणि तिला विजेची मोटार जोडून पाहिली. १८९३ साली निरुपयोगी ठरलेली ती मोटार त्रेपन्न वर्षांनी कामास आली. त्यातून सहा नळ्यांची वीस मिलिमीटरची व्हल्कन तयार झाली. वेग मिनिटाला सहा हजारांपर्यंत. स्टारफायटर विमानात तिच्यासाठी ७२५ गोळ्या बसत, म्हणजे सात सेकंदांचे काम. सेकंदात शंभर गोळ्या सुटल्या तरी वैमानिक पाव-अर्धा सेकंदच चाप दाबणार, हे गृहीत धरूनच ती केलेली होती.

आता वेगाच्या शर्यतीचा कळस पाहू. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरी माइक ओड्वायर नावाचा पूर्वी किराणा व्यापारात असलेला एक गृहस्थ. त्याने एका नळीत एकामागे एक गोळ्या भरून त्या विजेच्या ठिणगीने ओळीने उडवण्याची योजना केली. बेल्टनची १७७७ ची कल्पना, आता इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्याने. ना पट्टा, ना कुलूप. हलणारा भाग एकच, ती म्हणजे गोळी. १९९४ मध्ये 'मेटल स्टॉर्म' ही कंपनी निघाली, १९९९ मध्ये तिचे भाग बाजारात आले. छत्तीस नळ्यांच्या नमुन्याने मिनिटाला दहा लक्ष गोळ्यांचा वेग गाठला, आणि जगभर त्याची छायाचित्रे झळकली.

आता वही काढू. त्या प्रयोगात प्रत्यक्ष गोळ्या सुटल्या १८०; छत्तीस नळ्यांत प्रत्येकी पाच. वेळ लागला सेकंदाचा शंभरावा भाग. त्यानंतर नळ्या रिकाम्या! पुन्हा चालवायच्या तर भरलेल्या नळ्यांचा नवा संच बसवायचा. मिनिटाला दहा लक्ष हा आकडा खोटा नव्हता, परंतु असे एक मिनिट कधी उगवणारच नव्हते. पुढे ह्या योजनेचे उपयोग शोधण्यात आले : जहाजाच्या रक्षणासाठी, सुरुंगांऐवजी मैदान अडवण्यासाठी, रायफलीखाली बसणारा तीन बारांचा हातगोळाफेक्या म्हणून, आणि अखेर जमाव आवरण्यासाठी रबरी व तत्सम मारा करणारी बंदूक म्हणून. दहा लक्षांपासून निघालेले यंत्र फिरून जमावापाशीच आले, ही गोष्ट आमच्या नजरेतून सुटली नाही. २०१२ मध्ये कंपनी डबघाईस येऊन प्रशासकांच्या हाती गेली. पकलच्या भागीदारांविषयीची थट्टा येथेही लागू पडावी.

ह्याच्या उलट उदाहरण गेपार्डचे. जर्मनीचा हा विमानवेधी रणगाडा. दोन तोफा मिळून मिनिटाला अकराशे गोळ्या. १९७० च्या दशकातला, जुना झाला म्हणून जर्मन लष्कराने २०१० नंतर काढून टाकलेला. २०२२ पासून युक्रेनमध्ये तो पुन्हा रणांगणावर आला, आणि स्वस्त मनुष्यरहित विमाने पाडण्यास त्याच्याइतके सोयीचे साधन थोडेच असल्याचे दिसून आले. अडचण वेगाची आली नाही, गोळ्यांची आली. त्या गोळ्या स्वित्झर्लंडमध्ये बनलेल्या, आणि स्विस सरकारने तटस्थतेच्या धोरणाने त्या पुढे देण्यास मनाई केली. तेव्हा जर्मनीत त्यांचे उत्पादन नव्याने उभारावे लागले. पुरवठा कोण करतो, हा दुसरा प्रश्न असा उभा राहतो.

राहिला तिसरा, आणि तो सर्वांत कठीण आहे. समुद्रावर शत्रूचे क्षेपणास्त्र पाण्यालगत येते तेव्हा जहाजास मिळणारा अवधी काही सेकंदांचा असतो. त्यासाठी १९८० पासून अमेरिकी जहाजांवर व्हल्कनच्याच जातीची फॅलँक्स बंदूक बसवली आहे. ती स्वतःच्या रडारने शोधते, नेम धरते, आणि मोकळीक दिली तर स्वतःच गोळी झाडते. आपल्या माझगाव गोदीत बांधलेल्या व २०१४ साली नौदलात दाखल झालेल्या आयएनएस कोलकात्यावरही सहा नळ्यांच्या रशियन बनावटीच्या बंदुका ह्याच कामासाठी आहेत. शीघ्रगती बंदुकीचा हा खरा, रास्त उपयोग आहे, असे आम्ही निःशंकपणे म्हणतो. जहाजावरील खलाश्यांचे प्राण तिच्यावर अवलंबून असतात.

पण चाप कोणाच्या हाती? १७ मे १९८७ रोजी इराणच्या आखातात अमेरिकेच्या स्टार्क जहाजावर इराकी विमानाची दोन क्षेपणास्त्रे आदळली. फॅलँक्स बंदूक जहाजावर होती, परंतु स्वयंचलित अवस्थेत ठेवलेली नव्हती. ३७ खलाशी मेले. ४ जून १९९६ रोजी पॅसिफिक महासागरात सराव चालू असता जपानच्या यूगिरी जहाजावरील अशाच बंदुकीने, विमानामागे ओढले जाणारे निशाण सोडून, ते ओढणारे अमेरिकी विमानच पाडले. सुदैवाने दोघे वैमानिक वाचले. एकदा माणसाने यंत्राला मोकळीक दिली नाही म्हणून माणसे मेली. एकदा यंत्राने नको त्यावर नेम धरला. ह्यांतील कोणत्याही एका घटनेवरून सोपा नियम काढणारा माणूस आम्हांस अजाण वाटतो. समुद्रावर येणाऱ्या क्षेपणास्त्रावर यंत्राने स्वतः गोळी झाडावी हे आम्ही मान्य करू. तेथे माणसाचा हात पोचतच नाही. परंतु जेथे समोर माणसे आहेत, मग ती शत्रूची असोत, संपकरी असोत की बागेत जमलेली असोत, तेथे ही मोकळीक देता कामा नये. तिबेटातल्या त्या अधिकाऱ्याला कत्तलीचा वीट आला आणि त्याने मारा थांबवला. वीट येणे हा यंत्राच्या दृष्टीने दोष आहे. माणसाच्या दृष्टीने ती शेवटची कडी आहे, आणि ती काढून टाकण्याची बोलणी आज जगातल्या अनेक राजधान्यांत चालू आहेत.

आम्ही शस्त्रांच्या कारखान्यांविरुद्ध नाही. खडकीत, वरणगावात आमचे सोबती काम करतात, त्यांच्या घरच्या चुली त्यावर पेटतात, आणि सीमेवरच्या जवानाला गोळी पुरली पाहिजे ह्याविषयी त्यांच्याइतके दक्ष कोणी नाही. आमचे मागणे एवढेच आहे की, लोकांच्या करातून विकत घ्यायच्या एखाद्या नव्या शस्त्राचा मिनिटाचा आकडा वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत छापून येईल तेव्हा नागरिकांनी टाळी वाजवण्याआधी विचारावे : किती वेळ चालते, पुरवठा कोण करतो, आणि कोणावर चालणार आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे अभियंते देतील. तिसऱ्याचे उत्तर मागण्याचे काम मात्र आपले आहे, आणि ते दुसऱ्या कोणावर सोपवून चालणार नाही.